पडद्यावरचा अग्निबाण विझत का नाही?

रात्रीचा वेढा, तटाखाली शेकडो धनुर्धारी, सरदाराचा हात खाली येतो आणि पेटत्या बाणांचा पाऊस सुरू होतो. लढाईच्या चित्रपटात हे दृश्य नसलं, तर साताऱ्या-सांगलीतल्या थिएटरातही प्रेक्षकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. दिसतं झकासच. पण पूर्ण ताणलेल्या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर वेगाने सुटतो. एवढ्या वाऱ्यात तेलाच्या चिंधीवरची ज्योत टिकत नाही. पेटणारी वाफ आणि तिची उष्णता दोन्ही मागे उडून जातात. चिंधी जाड गुंडाळावी, तर टोक जड होतं आणि पल्ला घटतो. शिवाय बाण पूर्ण ओढला की जाळ थेट धनुष्य धरलेल्या मुठीशी येतो.

अग्निबाण खोटे होते असं मात्र नाही. चौथ्या शतकातला रोमन सैनिक-इतिहासकार अम्मिआनुस मार्केलिनुस त्यांची रचना सांगतो: बोरूची काडी, काडी आणि पातं यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्यांचा पोकळ पिंजरा, त्यात जळता ऐवज. असा बाण ढिल्या धनुष्यातून हळू सोडावा, वेगाने गेला तर विझतो, हेही तोच लिहून ठेवतो. पाण्याने तो जास्तच भडकतो, धूळ टाकूनच विझवावा लागतो. त्याचं काम लाकडी यंत्रं आणि छपरं पेटवण्याचं. मोकळ्या मैदानात माणसावर मारायला साधा बाणच बरा, तो दूर जातो आणि दिसत नाही.

तलवारीचा 'श्शिंग' आवाज तर निव्वळ ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला. म्यान लाकडाचं, वरून चामडं किंवा मखमल. त्यातून पोलाद निघताना घासल्याचा हलका आवाज येतो, बस्स. वजनही बहुतेक तलवारींचं सव्वा किलोच्या आसपास. दोन्ही हातांनी कण्हत उचलायची ती वस्तू नव्हे.

तोफेचा गोळा पडला की केशरी आगीचा लोळ उठतो, तो पेट्रोलचा. साधा गोळा भरीव दगडाचा किंवा लोखंडाचा; त्यात फुटायला काही नसतंच. (दारू भरलेले पोकळ गोळेही होते, पण सरसकट नाही.) मारतो तो त्याचा वेग. 4 किलोचा गोळा सेकंदाला 400 मीटर वेगाने निघाला, तर त्यात 3,20,000 जूल ऊर्जा असते. 10 टन वजनाची उसाची गाडी ताशी 29 किलोमीटरने येऊन धडकावी, तेवढी. तीही वीतभर जागेत. कडक जमिनीवर गोळा टप्पे घेत रांगाच्या रांगा कापत जातो, चिखलात मात्र रुततो. आणि धूर! काळ्या दारूत ढोबळमानाने 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा, 10 टक्के गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता बारीक घन कणांच्या रूपात उरतो, म्हणून पांढरा दाट धूर. वारा नसेल तर दोन-चार बारांनंतर गोलंदाजाला समोरचं दिसत नाही. नायकाचा चेहरा झाकला जाईल, म्हणून कॅमेऱ्याला हे परवडत नाही.

पण खऱ्या लढाईतलं नाट्य हवंच असेल, तर साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याकडे बघा. औरंगजेबाच्या फौजेने डिसेंबर 1699 मध्ये वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले. विहिरीच्या कातळात सुरुंग लावणाऱ्याला यातली मेख ठाऊक असते: दारूचा वायू सगळीकडे सारखा दाबतो, पण फुटतो तो ज्या बाजूला आडवा येणारा थर सर्वांत पातळ असेल तिकडे. बोगद्याचं तोंड माती-दगडांनी नीट ठासलं नाही, तर जोर आला त्याच वाटेने परत. आतल्या बाजूचा भराव जाड आणि बाहेरची भिंत जवळ असेल, तर तट आत न पडता बाहेर कोसळतो.

13 एप्रिल 1700 रोजी दोन सुरुंग उडाले. पहिल्याने गडावरचे अनेक जण मारले. दुसऱ्याने तट बाहेर, हल्ल्यासाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच ढासळला आणि शेकडो माणसं गाडली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली सापडले होते. त्यांना उकरून काढलं, तेव्हा ते जिवंत होते. गड पडला तो त्यानंतर आठवड्याभराने, वाटाघाटीने.