आशा स्वयंसेविकेचे काम आणि घरसंसार (ग्रामीण विदर्भ)

आशा स्वयंसेविकेचे काम आणि घरसंसार : गावाच्या आरोग्याची जबाबदारी आणि स्वतःचे घर, शेती, लेकरे यांचा मेळ बसवण्यासाठी ग्रामीण विदर्भातील आशा स्वयंसेविकांना रोज करावी लागणारी कसरत. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याचे ठरले. आदिवासी आणि डोंगराळ भागात हे प्रमाण शिथिल केले गेले. आशा त्याच गावात राहणारी असावी आणि शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, अशी अपेक्षा होती. म्हणजे ती बहुतेक गावची सूनच असते. तिचे घर सगळ्यांना ठाऊक असते आणि दार वाजवायला कोणी वेळकाळ पाहत नाही.

मार्गदर्शक सूचनांमध्ये हे काम दिवसाला दोन-तीन तास आणि आठवड्यातून चारेक दिवस एवढेच धरले होते. तिच्या रोजीरोटीच्या आड ते येऊ नये, असेही त्यात नमूद होते. कागदावरचा हा हिशेब गावात टिकला नाही. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरणाला बोलावणे, सर्वेक्षणे, क्षयरुग्णांचा पाठपुरावा, मोबाइलवर माहिती भरणे अशी कामे एकावर एक चढत गेली.

यातले सर्वांत नाजूक काम नवजात बाळाच्या गृहभेटींचे. ही पद्धत विदर्भातच घडली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले, गावातल्या स्त्रियांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. हात धुऊन बाळाला झोळीच्या काट्यात तोलते, ताप पाहते, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. बाळ रडू लागले तर ते शांत होईपर्यंत थांबून पुन्हा मोजावे लागते. ही भेट उरकता येत नाही, आणि उरकूही नये.

अडचण येते ती हंगामात. ऑक्टोबरपासून पुढे कापसाची वेचणी चालते आणि तिची मजुरी किलोवर मिळते. भल्या पहाटे शेतात जायचे, ऊन चढेपर्यंत पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस वेचायचा, गाठोडे धुऱ्यावर ठेवायचे आणि तिथूनच बाळंतिणीचे घर गाठायचे, असा अनेकींचा दिवस असतो. त्याआधी सोयाबीनच्या सोंगणीत गावातल्या बायाच दिवसभर घरी सापडत नाहीत. मग भेटी संध्याकाळवर जातात, आणि नेमकी तीच घरी चूल पेटवायची वेळ. रात्री कळा सुरू झाल्या तर रुग्णवाहिका बोलवायची आणि बाईसोबत जायचे, हेही तिच्याचकडे.

अशा वेळी घर कोण सांभाळते, यावर सगळे अवलंबून असते. सासूने भाकरी टाकल्या, जावेने लेकरांना जेवू घातले, नवऱ्याने रात्री मोटारसायकल काढली, तर काम निभते. ज्या घरात यातले काहीच होत नाही, तिथे बाईने वेळेचे कितीही चोख नियोजन केले तरी ती थकतेच. हा तिचा वैयक्तिक दोष मानणे अन्यायाचे आहे. तिला आजही स्वयंसेविका म्हटले जाते आणि उत्पन्नाचा मोठा भाग कामानुसार मिळणाऱ्या मोबदल्याचा असतो. त्यामुळे दिवस बुडाला तरी घरात तो ‘नोकरी’त गेला असे धरले जात नाही. मोबदल्यासाठी राज्यभरातील आशांनी २०२३-२४ मध्ये संप केले. त्यानंतर राज्य सरकारने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.

काही ठिकाणी व्यवस्थेनेच तिचा भार थोडा हलका केला आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे; तारीख जवळ आलेल्या गरोदर बाईला तिथे आधीच येऊन राहता येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, त्यामुळे अशा बायांना पूर येण्याआधीच हलवावे लागते. आशाची मध्यरात्रीची धावपळ त्याने कमी होते. मात्र घर, गुरे आणि धाकटी लेकरे मागे ठेवून यायला त्या बाईला आणि तिच्या सासूला राजी करण्याचे काम आधी आशालाच करावे लागते, आणि त्यासाठी त्याच घरी पुन्हा पुन्हा जावे लागते.