हंगामपूर्व संघ-आढावा (बास्केटबॉल)

व्यावसायिक बास्केटबॉलचा नवा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघात कोण आले, कोण गेले, कोण राहिले आणि या फेरबदलाने संघाचे बळ वाढले की घटले, याचा मांडलेला हिशेब. एनबीए या अमेरिकी संघटनेच्या ३० संघांसंदर्भात ही संज्ञा मुख्यतः योजली जाते. या संघटनेचा ८२ सामन्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. खेळाडूंची मोठी उलथापालथ जूनअखेर ते जुलैमध्ये उरकते आणि आढावे साधारणपणे ऑगस्टपासून लिहिले-बोलले जातात. बास्केटबॉलचे नियम व डाव यांची माहिती येथे गृहीत धरली आहे.

संज्ञा : मराठीत या प्रकाराला एकच रुळलेला शब्द नाही. ‘संघबांधणी’ हा शब्द संघ उभा करणाऱ्याच्या बाजूचा आहे, आढावा घेणाऱ्याच्या बाजूचा नाही. मुले सरळ ‘रोस्टर’, ‘ट्रेड’, ‘कॅप’ म्हणतात. या नोंदीत ‘आवक’, ‘जावक’ आणि ‘शिल्लक’ हे तीन शब्द वापरले आहेत. त्यांतले पहिले दोन कोणत्याही कचेरीतले असले तरी नाशिकमध्ये त्यांना वेगळे वजन आहे. लासलगाव, पिंपळगावच्या बाजारभावांमुळे ‘आवक’ हा शब्द येथे रोज कानावर पडतो. कांद्याचा भाव केवळ आजच्या आवकेवर ठरत नाही, चाळीत माल किती शिल्लक आहे यावरही ठरतो, हे येथे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. संघाचेही असेच आहे. बहुतेक आढाव्यांत मात्र पहिले दोन रकाने भरभरून असतात आणि तिसरा कोराच राहतो.

उगम : या प्रथेचा उगम बास्केटबॉलमध्ये शोधावा की बेसबॉलमध्ये, याविषयी मतभेद आहेत. बेसबॉलमध्ये हेन्री चॅडविक यांनी १८६० पासून वार्षिक पुस्तिका संपादित केल्या, पण त्यांचा भर नियमांवर आणि सरलेल्या मोसमाच्या आकड्यांवर होता. येणाऱ्या मोसमाविषयीची चर्चा तोंडी चाले. थंडीत दुकानातल्या तापत्या शेगडीभोवती बसून संघांच्या अदलाबदलीवर गप्पा मारण्याच्या सवयीला तिकडे शेगडीवरूनच नाव पडले. ते नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्याच्या आरंभी रूढ झाले असावे. बास्केटबॉलने हा साचा तयार उचलला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खुद्द खेळच उशिरा, डिसेंबर १८९१ मध्ये, जेम्स नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला आणि त्याची स्थिर व्यावसायिक संघटना व्हायला त्यापुढे अर्धे शतक लागले.

ही संघटना नेमकी कधीची, हाही वादाचा मुद्दा आहे. एनबीए स्वतःचे वय जून १९४६ पासून मोजते. त्या महिन्यात बीएए ही संघटना निघाली आणि १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोत तिचा पहिला सामना झाला. त्यात न्यूयॉर्कने टोरांटोला ६८–६६ असे हरवले. मात्र एनबीए हे नाव ऑगस्ट १९४९ मध्ये आले, आणि तेही बीएए आणि १९३७ पासून चालत आलेली एनबीएल या दोन संघटना एकत्र झाल्यावर. म्हणून काही अभ्यासक १९४९ हेच आरंभवर्ष मानतात. अधिकृत मोजणीत बीएएचे विक्रम धरले जातात, एनबीएलचे नाहीत. त्यामुळे मिनियापोलिस लेकर्सचे १९४८ चे एनबीएल विजेतेपद आजच्या लेकर्सच्या खात्यावर दिसत नाही आणि पुढच्याच वर्षीचे, बीएएमधले, दिसते. खेळाडूंची मुख्य फळी तीच होती. १९४९ हे वर्ष धरणे इतिहासाला जास्त धरून आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

हा वाद येथे लांबवण्याचे कारण असे की, त्या काळात खेळाडूंपेक्षा संघांचीच आवक-जावक मोठी होती. १९४९–५० मध्ये १७ संघ होते, पुढच्या हंगामात ११ उरले. बंद पडलेल्या शिकागो संघाचे तीन खेळाडू कोणाला द्यायचे यावर १९५० च्या शरदात एकमत होईना, तेव्हा नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून काढल्या गेल्या. बॉस्टनच्या वाट्याला बॉब कूझी आला. त्या वर्षीच्या नवोदितांच्या निवडीत बॉस्टनने त्याला घेण्याचे टाळले होते. पुढे त्याच्यासह बॉस्टनने सहा विजेतेपदे मिळवली. त्या शरदात आढावा लिहायला बसलेल्याने ही आवक ‘फायद्याची’ या सदरात टाकली असती, असे मानायला जागा नाही.

खेळाडूच्या स्वातंत्र्याचा प्रश्न : जुन्या करारांतील राखीव कलमामुळे मुदत संपली तरी खेळाडूवर संघाचाच हक्क राही. आढाव्याला त्यामुळे दोनच विषय असत, संघांनी परस्पर केलेली देवाणघेवाण आणि १९४७ पासून सुरू झालेली नवोदितांची वार्षिक निवड, जिच्या प्रत्येक फेरीत संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. ऑस्कर रॉबर्टसन यांच्या पुढाकाराने खेळाडूंनी १९७० मध्ये दावा लावला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि बंधने सैल होत गेली. १९८८ मध्ये टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला. जुन्या संघाला आडकाठी करता येणार नाही अशा पूर्ण मोकळीकीने गेलेला तो पहिला खेळाडू मानला जातो. आजच्या अर्थाचा हंगामपूर्व आढावा खरा तेथून सुरू होतो.

पगारमर्यादा : आढावा घेणाऱ्याने नावांआधी करार वाचावेत. १९४६–४७ मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर ५५ हजार डॉलरची मर्यादा घातली होती, ती एका वर्षात गेली. आजच्या पद्धतीची मर्यादा १९८४–८५ मध्ये ३६ लाख डॉलरवर सुरू झाली. २०२५–२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. ही मर्यादा लवचीक असते. मर्यादा ओलांडूनही संघाला आपला खेळाडू ठेवता येतो, पण पूर्ण सवलतीसाठी त्याने करारातून मोकळा होऊन संघ न बदलता साधारण तीन वर्षे काढलेली असावी लागतात. बॉस्टनचा खेळाडू लॅरी बर्ड याच्या नावाने ओळखली जाणारी सवलत ती हीच. २०२३ मध्ये डेन्व्हर विजेता झाला आणि लगेच राखीव फळीतला ब्रूस ब्राउन इंडियानाला गेला. डेन्व्हरने त्याला ‘जाऊ दिले’ असे लिहिले जाते, ते बरोबर नाही. त्याला तेथे एकच वर्ष झाले होते आणि इंडियानाने देऊ केलेल्या दोन वर्षांच्या साडेचार कोटी डॉलरशी बरोबरी करण्याची मुभा डेन्व्हरला नियमानेच नव्हती. पुढच्या हंगामात हा संघ दुसऱ्या फेरीत मिनेसोटाकडून हरला.

संघटना आणि खेळाडू यांच्यातील २०२३ च्या सामूहिक कराराने मर्यादेच्या वर आधीपासून असलेली रेषा कठोर केली आणि तिच्याही वर दुसरी आखली. २०२५–२६ मध्ये वरची रेषा सुमारे २० कोटी ७८ लाख डॉलरवर आहे. तिच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, व्यवहारात रोख रक्कम देता येत नाही आणि सात वर्षांनंतरच्या नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचा हक्क गोठवला जातो. २०२४ चा विजेता बॉस्टन वर्षभरात या रेषेने विस्कटला. मे २०२५ मध्ये जेसन टेटमच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि उन्हाळ्यात जरू हॉलिडे पोर्टलँडला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला गेला. दोघे खेळ बिघडल्याने गेले नव्हते. त्यांचे पगार परवडत नव्हते.

याहून वेगळी तऱ्हा मिलवॉकीची. जुलै २०२५ मध्ये या संघाने दुखापतग्रस्त डेमियन लिलार्डला मोकळे केले आणि त्याचे उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांवर पसरले. कराराच्या उरलेल्या वर्षांची (येथे दोन) दुप्पट अधिक एक, असा तो नियम आहे. त्या जागेत इंडियानाहून माइल्स टर्नर आला. लिलार्ड पोर्टलँडला परतला, पण दरसाल सुमारे सव्वादोन कोटी डॉलर मिलवॉकीच्या खात्यावर राहिले. अशा रकमेसाठी आढाव्यात वेगळी ओळ हवी. ती आवकेत येत नाही, जावकेत येत नाही, आणि संघाला पाच वर्षे छळते.

मूल्यमापन : आढावा कसा तपासावा याविषयी दोन विचार आढळतात. एक, नव्या मोठ्या नावांवर संघाचे मोल ठरवणारा. २०१६ मध्ये मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली, ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटला केव्हिन ड्युरँटसाठी जागा मिळाली आणि पुढचे विजेतेपद त्यांनीच घेतले. या विचाराचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. दुसरा विचार गेल्या हंगामातील मैदानावरच्या एकूण मिनिटांपैकी किती मिनिटे खेळणारे परत येत आहेत, हे मोजतो. सॅन अँटोनिओ २०१३ ची अंतिम मालिका मायामीकडून सातव्या सामन्यात हरला. उन्हाळ्यात त्यांच्याकडे मार्को बेलिनेलीखेरीज सांगण्याजोगी आवक नव्हती. तोच संच २०१४ मध्ये त्याच मायामीला ४–१ ने हरवून विजेता झाला.

दुसऱ्या विचाराकडे प्रस्तुत नोंदकाराचा कल आहे, आणि २०१९ चा दाखला त्याला बळ देतो. त्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सनी कवाय लेनर्डला करारबद्ध केले आणि ओक्लाहोमा सिटीकडून पॉल जॉर्जला घेतले. बदल्यात शाय गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचे पाच हक्क गेले. आढाव्यांनी क्लिपर्सना विजेतेपदाच्या दावेदारांत वरच्या जागी ठेवले. ते २०२० मध्ये डेन्व्हरविरुद्ध ३–१ आघाडी घालवून हरले आणि त्या जोडीसह कधीच अंतिम फेरीत पोहोचले नाहीत. ओक्लाहोमा सिटीने त्या हक्कांपैकी एकावर २०२२ मध्ये जेलन विल्यम्सला निवडले, आणि २०२५ मध्ये हा संघ विजेता झाला. गिलजस-अलेक्झांडर त्या हंगामाचा आणि अंतिम मालिकेचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. द्राक्षबागाईतदाराला हे कोडे वाटणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर डोळ्यांत घड धरतो, तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो आणि त्याचा पैसा पुढच्या वर्षी होतो. जुलैच्या व्यवहाराचे गुण ऑक्टोबरमध्ये देऊन टाकणारा आढावा घाईचा असतो.

नाशिकमध्ये : या शहराचा त्या संघटनेत संघ नाही, त्यामुळे येथील चाहता बहुधा खेळाडूमागे जातो. ड्युरँटचा चाहता ओक्लाहोमा सिटी, गोल्डन स्टेट, ब्रुकलिन, फीनिक्स आणि २०२५ मध्ये ह्यूस्टन असा फिरलेला असतो. ज्याच्या गावाचा संघ असतो त्याला आवक-जावक बाहेरून दिसते. येथील चाहता स्वतःच तिच्याबरोबर हलतो, आणि म्हणून शिल्लकीचा रकाना त्याच्या नजरेतून सर्वांत आधी सुटतो.

वेळापत्रकही येथे वेगळे पडते. मुक्त खेळाडूंचा बाजार अमेरिकेच्या पूर्व भागात ३० जूनला संध्याकाळी सहाला उघडतो, तेव्हा नाशिकमध्ये १ जुलैच्या पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. ठरलेले बहुतेक करार ६ जुलैच्या रात्री साडेनऊनंतरच अधिकृत होतात. हे दिवस ऐन पावसाळ्याचे. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आले याची चौकशी सुरू असते आणि उघड्या सिमेंटच्या मैदानांवर पाणी साचून चेंडू उसळत नाही. खेळ थांबतो आणि मुले आडोशाला उभी राहून, पिशवीत गुंडाळलेला चेंडू काखेत धरून, कोणत्या संघाने कोणाला घेतले यावर हुज्जत घालतात.

शाळेच्या प्रशिक्षकाला हा हिशेब दर जूनला करावा लागतो. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असतात. दहावीची मुले शाळा सोडतात, उंच वाढलेला मुलगा वयाने वरच्या गटात सरकतो. वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे गेलेल्यांची आणि उजवीकडे नव्या पोरांची नावे लिहिली जातात. ज्या प्रशिक्षकाने पानाच्या तळाशी, गेल्या वर्षी एकत्र खेळून यंदाही राहिलेल्या चौघा-पाचांची नावे लिहिली, त्याने हा विषय नीट ओळखला.

एनबीएच्या हंगामपूर्व सामन्यांशी महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध एकदाच आला. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळी येथे इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात दोन सामने झाले. भारतात झालेले या संघटनेचे हे पहिले सामने. इंडियानाने पहिला जादा वेळेत १३२–१३१ असा, दुसरा १३०–१०६ असा जिंकला. आढाव्याच्या दृष्टीने ही जोडी बोधक होती. कोरी जोसेफ त्याच उन्हाळ्यात इंडियानाहून सॅक्रामेंटोला गेला होता, म्हणजे एकाची जावक दुसऱ्याची आवक म्हणून समोरासमोर उभी होती. इंडियानाकडे मिलवॉकीहून माल्कम ब्रॉग्डन आणि फीनिक्सहून टी. जे. वॉरन नवे होते. सॅक्रामेंटोचा प्रशिक्षक ल्यूक वॉल्टनही नवाच होता.

भारतीय बास्केटबॉल : येथे खेळाडूची हालचाल बराच काळ कराराने नव्हे, नोकरीने झाली. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांच्या संघांत भरती होणे हीच आवक. कबड्डीतील बँक, पोलीस आणि रेल्वेचे संघ ज्यांना माहीत आहेत त्यांना ही रीत ओळखीची आहे. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनामसिंग भामराला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या निवडीत नाव आलेला तो पहिला भारतीय, पण त्या संघटनेच्या मुख्य हंगामात तो खेळला नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते. ती २०१७ नंतर थांबली. २०२५ च्या आरंभी २५ वर्षांखालील खेळाडूंच्या आयएनबीएल प्रो स्पर्धेत सहा संघ उतरले, त्यांत मुंबई टायटन्स होता.