लँगम शिष्यवृत्ती

आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील इव्हँजेलिकल (बायबलचा अधिकार व वैयक्तिक श्रद्धा यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रवाहातील) ख्रिस्ती अभ्यासकांना ईश्वरविज्ञान व बायबल या विषयांत पीएच.डी. करता यावी आणि त्यानंतर त्यांनी मायदेशी परतून अध्यापन करावे, यासाठी दिले जाणारे साहाय्य. इंग्रज अँग्लिकन धर्मगुरू जॉन स्टॉट (१९२१–२०११) यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या लँगम ट्रस्टपासून या शिष्यवृत्तीची सुरुवात झाली. लंडनमधील लँगम प्लेस येथील ऑल सोल्स चर्चचे स्टॉट १९५० ते १९७५ या काळात रेक्टर (प्रमुख धर्मगुरू) होते. ट्रस्टचे नाव त्या जागेवरून आले.

व्याख्यानांच्या निमित्ताने स्टॉट देशोदेशी फिरले. ख्रिस्ती मंडळ्या (स्थानिक चर्च) झपाट्याने वाढत होत्या, पण पाळकांजवळ, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंजवळ, पुस्तके मोजकीच होती आणि त्यांना घडवणाऱ्या सेमिनरींत (धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांत) डॉक्टरेट घेतलेले स्थानिक प्राध्यापक फार थोडे होते. मंडळी पाळकाच्या शिकवणीवर वाढते आणि पाळक सेमिनरीत तयार होतो, तेव्हा मदत सेमिनरीच्या शिक्षकापर्यंत पोचली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तके पुरवण्यासाठी १९७१ मध्ये त्यांनी इव्हँजेलिकल लिटरेचर ट्रस्ट हा वेगळा न्यास काढला आणि आपल्या ग्रंथांचे मानधन त्याला देऊन टाकले. २००१ मध्ये ही सारी कामे लँगम पार्टनरशिप या नावाखाली एकत्र आली.

परत जाण्याची अपेक्षा हा या शिष्यवृत्तीचा कणा आहे. पाश्चात्त्य विद्यापीठात पीएच.डी. केलेला माणूस तिकडेच नोकरी धरून राहिला, तर त्याला पाठवणाऱ्या सेमिनरीचे दुहेरी नुकसान होते : पदवीधर हातचा जातो आणि त्याची वाट पाहण्यात गेलेली वर्षेही जातात. म्हणून अभ्यासक आपल्या मंडळीशी व शिक्षणसंस्थेशी बांधलेला असणे महत्त्वाचे मानले जाते. मात्र परतल्यावर त्याच्यासमोर काय असते, याकडे शिष्यवृत्तीच्या चर्चेत पुरेसे लक्ष जात नाही. पगार तुटपुंजा, ग्रंथालय लहान, आठवड्याचे तास भरपूर. त्यात डॉक्टरेट मिळवली म्हणून प्राचार्यपद किंवा प्रशासन लगेच गळ्यात पडते आणि संशोधन मागे राहते. पदवीपर्यंतचा खर्च उचलणे आवश्यकच आहे, पण त्या अभ्यासकाला पुढची दहा वर्षे लिहिण्यासाठी वेळ मिळवून देणे हे अधिक अवघड आणि तितकेच गरजेचे काम आहे.

विषयाची निवड हाही कळीचा प्रश्न. प्रबंध युरोपातील वादांवर लिहायचा आणि वर्गात मात्र हिंदू किंवा मुस्लिम शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे, ही ओढाताण अनेकांच्या वाट्याला येते. आता आपल्याच खंडात राहून पीएच.डी. करण्याची सोय वाढली आहे. भारतात बंगळुरूची सायाक्स ही संस्था त्याचे उदाहरण. कुटुंबाची ताटातूट टळते आणि प्रश्नही आपल्या मातीतले राहतात.

महाराष्ट्राशी या उपक्रमाचा थेट धागा पुण्यातून जातो. २००१ मध्ये त्याची धुरा हाती घेणारे ख्रिस्तोफर राइट हे मूळचे बेलफास्टचे, बायबलच्या जुन्या कराराचे अभ्यासक. १९८३ ते १९८८ अशी पाच वर्षे ते युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकवत होते. ही सेमिनरी यवतमाळहून पुण्याच्या बिबवेवाडीत आली तीही १९८३ मध्येच. ज्या प्रकारच्या संस्थांसाठी शिष्यवृत्ती उभी राहिली, त्यांच्यापैकी एकीचा वर्ग राइट यांनी आतून पाहिला होता.

अशा पाठबळातून काय उभे राहू शकते, ते सामूहिक ग्रंथांतून दिसते. २००६ मध्ये आलेले आफ्रिकेचे एकखंडी बायबल भाष्य सत्तर आफ्रिकी अभ्यासकांनी मिळून लिहिले. २०१५ मध्ये ब्रायन विंटल यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली दक्षिण आशियाचे भाष्य निघाले. त्यामागेही लँगमचा हात होता.

ही शिष्यवृत्ती ईश्वरविज्ञानापुरती आहे. सर्वसाधारण विद्यापीठात इतिहास, भौतिकशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकवू पाहणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला वेगळा आधार शोधावा लागतो. अमेरिकेत १९७८ मध्ये विल्यम ऑल्स्टन, ॲल्व्हिन प्लँटिंगा आदींनी स्थापलेली ख्रिस्ती तत्त्वज्ञांची संघटना हा त्या दिशेचा मोठा प्रयत्न. सहकाऱ्यांची सोबत आणि १९८४ पासून स्वतःचे नियतकालिक, हे तिचे मुख्य देणे.