एकांत कारावास

कैद्याला कोठडीत एकटे ठेवून इतरांशी त्याचा संबंध तोडण्याची शिक्षा. लोक तिला सर्रास ‘अंधारकोठडी’ म्हणतात. पण कोठडीत लख्ख दिवा असला तरी ती एकांतच. कोकणात या विषयावर ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे उदाहरण हमखास निघते, ते चुकीचे आहे. रत्नागिरीत त्याची (१८८६–१९१६) स्थानबद्धता होती: हद्द आखलेली, पण भोवती कुटुंब आणि नोकरचाकर. सावरकरांचे १९२१ नंतरचे रत्नागिरीतले सुरुवातीचे दिवस तुरुंगातले, १९२४ ते १९३७ चे मात्र असेच स्थानबद्धतेतले.

ही शिक्षा फक्त न्यायालय देऊ शकते. भारतीय न्याय संहितेची कलमे ११ व १२ (जुन्या भारतीय दंड संहितेतली ७३, ७४) मर्यादा घालतात: सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेत एकूण एक महिना, वर्षापर्यंत दोन, त्यापुढे तीन. सलग १४ दिवसांच्या वर नाही आणि मधली विश्रांती निदान तितकीच. मूळ कैद तीन महिन्यांहून जास्त असेल तर कोणत्याही महिन्यात सातच दिवस. हिशेब इथेच चुकतो. सात महिन्यांच्या कैदेत कमाल ‘दोन महिने’ दिसते, पण सात सत्ते ४९ दिवसांच्या पुढे जाताच येत नाही. विधी आयोगाने १९७१ मध्ये ही कलमे गाळायला सांगितले होते. नव्या संहितेत ती जशीच्या तशी उतरली.

तुरुंगाधिकाऱ्याचा अधिकार वेगळा. १८९४ च्या कारागृह अधिनियमात शिस्तभंगासाठी १४ दिवसांपर्यंत कोठडीबंदी आहे; तीत बोलणे बंद, पण इतर कैदी नजरेस पडले पाहिजेत. २४ तासांहून जास्त कोंडल्यास डॉक्टरने किंवा त्याच्या सहायकाने रोज एकदा तरी पाहायचे. फाशीच्या कैद्याला वेगळे ठेवण्याच्या तरतुदीखाली त्याला एकांतात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात (१९७८) ठरवले.

कच्च्या कैद्याला तर शिक्षाच झालेली नसते. त्याला ‘सुरक्षेसाठी’ एकटे ठेवले की दिवस मोजायला कुणी उरत नाही. कैद्यांच्या वागणुकीबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांचे माप (२०१५) इथे उपयोगी: दिवसाचे २२ तास किंवा जास्त माणसांशी खराखुरा संपर्क नसेल तर तो एकांत, मग कागदावर नाव काहीही असो, सलग १५ दिवसांपुढे तो निषिद्ध.

झोप उडणे, भास होणे, स्वतःला इजा करणे हे परिणाम परिचित आहेत. कोकणच्या पावसाळ्यात ओलीची भर पडते: घोंगडी वाळत नाही, जांघेत नायटा धरतो. डॉक्टरने गजाबाहेरून ‘ठीक ना?’ विचारले तर यातले काहीच दिसत नाही.