४७ मिनिटं १२ सेकंद : प्लेअर नेमकं काय लक्षात ठेवतो?

माझ्या मामेबहिणीने एक लांबलचक माहितीपट माझ्या कॉम्प्युटरवर अर्धा बघितला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी जाऊन लावली. तिथे तो पहिल्यापासून सुरू झाला. लगेच फोन. "फाइल तीच, मग अर्ध्यावरून का लागत नाही? तुझा पेनड्राइव्ह खराब आहे."

पेनड्राइव्ह धडधाकट होता. गडबड झाली ती 'कुठे थांबलो याची खूण व्हिडिओच्या फाइलमध्ये असते' या समजुतीमुळे, आणि ही समजूत अगदीच निराधार नाही. १९७६ साली आलेल्या व्हीएचएस कॅसेटमध्ये खूण खरोखरच आत असायची. फीत जिथे थांबली तिथेच गुंडाळलेली राहायची. कॅसेट काढा, दुसऱ्या घरी न्या, दुसऱ्या यंत्रात घाला, चित्र तिथूनच पुढे. डिजिटल फाइलचं तसं नाही. ती हजार वेळा बघितली तरी तिच्यातला एक बिटसुद्धा जागचा हलत नाही. (सारखी लावून फाइल 'झिजते' आणि चित्र पुसट होतं, असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला अजून भेटतात. तेही कॅसेटचंच भूत.)

मग खूण असते कुठे? प्लेअरच्या स्वतःच्या वहीत. व्हीएलसी या प्लेअरची वही म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. तिच्यात अलीकडे बघितलेल्या व्हिडिओंचे पत्ते ओळीने असतात आणि त्याच क्रमाने वेळांची दुसरी यादी असते, मिलिसेकंदांत. बहीण ४७ मिनिटं १२.३६ सेकंदांवर थांबली होती, म्हणून तिथे २८३२३६० एवढा आकडा. बास. चित्र नाही, प्रसंग नाही, 'तो दार उघडतो ना, तिथे' असलं काही नाही. ही वही लहानच असते. व्हीएलसीच्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्यात ३० नोंदी मावतात, त्यानंतर जुनी नोंद बाहेर पडते.

एमपीव्ही हा दुसरा प्लेअर जास्त टापटिपीचा. तो प्रत्येक व्हिडिओसाठी वेगळी चिठ्ठी लिहितो. चिठ्ठीचं नाव मात्र ३२ अक्षरी अगम्य मजकूर असतो. फाइलचा पूर्ण पत्ता एमडी५ या गणिती चरकातून काढला की हा मजकूर मिळतो. पत्त्यात एक अक्षर बदललं तरी सगळा मजकूर बदलतो. फाइलचं नाव सुधारलं किंवा ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की प्लेअर ओळख विसरतो, तो यामुळेच. पत्ता सोडून फक्त नावावरून ओळखायला लावणारी सोय एमपीव्हीत आहे, पण मग दोन फोल्डरांतल्या 'भाग १' नावाच्या दोन फाइली त्याला एकच वाटतात.

सेटिंग सोपं आहे. व्हीएलसीत टूल्स, मग प्रेफरन्सेस, मग इंटरफेस. तिथे 'कंटिन्यू प्लेबॅक?' असा प्रश्न दिसेल. 'आस्क' म्हणजे दर वेळी विचारेल, 'ऑलवेज' म्हणजे न विचारता पुढून लावेल. त्याच पानावर अलीकडचे व्हिडिओ लक्षात ठेवण्याची चौकट आहे, तिच्यातली टिकली काढू नका. ती काढली की वहीच बंद होते आणि 'ऑलवेज' निवडूनही काही घडत नाही. एमपीव्ही बंद करताना शिफ्ट दाबून क्यू दाबा, तेवढ्यापुरती खूण राहते. कायमची हवी असेल तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहून ठेवायच्या फाइलमध्ये, 'सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट' ही एक ओळ, अर्थात इंग्रजी अक्षरांत. यातला 'क्विट' शब्द महत्त्वाचा. चिठ्ठी बंद करताना लिहिली जाते, मधेच वीज गेली तर लिहायला कोणी नसतं.

आकडा लिहून ठेवणं काही कौतुकाचं नाही. मला भुरळ पडते ती पुढच्या कामाची : त्या आकड्यावरून चित्र परत कसं मिळतं?

सेकंदाला २५ चित्रं धरली तर २८३२.३६ सेकंदांवर ७०,८०९ क्रमांकाची फ्रेम येते. वहीचं पान उघडावं तशी ती उघडता यायला हवी, नाही का? येत नाही, कारण ती फ्रेम फाइलमध्ये अख्खी नसतेच. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट. दोन तासांचा चित्रपट असा ठेवायचा तर ११०० जीबीच्या वर जागा लागेल. म्हणून व्हिडिओ आवळताना लबाडी करतात. अधूनमधून एखादं चित्र पूर्ण ठेवायचं, ती कीफ्रेम. बाकीच्यांच्या बाबतीत फक्त फरक लिहायचा : 'मागच्यासारखंच, पण हा तुकडा चार ठिपके उजवीकडे.' अशा फरकवाल्या फ्रेमना पी म्हणतात. त्याहून वात्रट असते ती बी-फ्रेम. तिला मागचं आणि पुढचं अशी दोन्हीकडची चित्रं लागतात, म्हणून फाइलमधला फ्रेमचा क्रम आणि पडद्यावरचा क्रम वेगळे असतात.

आता ७०,८०९ हवी आहे. एच.२६४ पद्धतीने व्हिडिओ आवळणाऱ्या एक्स२६४ या प्रोग्राममध्ये, सेटिंग बदललं नसेल तर, दोन कीफ्रेमांत जास्तीत जास्त २५० फ्रेमांचं अंतर असतं. समजा आधीची कीफ्रेम ७०,७५० वर आहे. प्लेअर तिथे जातो, ती उलगडतो, मग पुढची, मग तिच्या पुढची. अशी ५९ चित्रं तो मनातल्या मनात रंगवतो आणि पडद्यावर न आणता फेकून देतो. साठावं चित्र तुम्हाला दिसतं. 'पुढे चालू' म्हटल्यावर जो क्षणभराचा अडखळा जाणवतो, त्याचं एक कारण हे. नशीब फार वाईट असेल तर जवळजवळ १० सेकंदांचा व्हिडिओ असा गुपचूप उलगडावा लागतो. काही प्लेअर हा खटाटोप टाळून सरळ कीफ्रेमवरूनच सुरू करतात, म्हणजे थोडं आधीपासून. मला तेच बरं वाटतं, संवादाचा धागा पुन्हा सापडतो.

ती कीफ्रेम फाइलमध्ये कितव्या बाइटवर आहे, हे कळायला एमपी४ फाइलमध्ये तक्ते असतात. एसटीटीएस तक्ता वेळेवरून फ्रेमचा क्रमांक देतो. एसटीएसएस तक्ता त्याच्या आधीची कीफ्रेम सांगतो. एसटीएससी म्हणतो ती कुठल्या गठ्ठ्यात आहे, एसटीसीओ म्हणतो तो गठ्ठा फाइलमध्ये कुठे सुरू होतो, आणि गठ्ठ्यातल्या आधीच्या फ्रेमांची लांबी एसटीएसझेडमधून घेऊन बेरीज केली की नेमका बाइट हाती येतो. पाच तक्ते, एक पत्ता. टीव्ही प्रसारणाच्या टीएस फाइलमध्ये असा एकही तक्ता नसतो, नुसती १८८ बाइटांची पाकिटं एकामागून एक. तिथे अंदाजाने मधे उडी मारायची, जवळचा वेळेचा शिक्का वाचायचा, पुढे गेलो असू तर मागच्या अर्ध्यात शोधायचं. शब्दकोशात शब्द शोधावा तसंच. ४ जीबीच्या फाइलमध्ये दोन कोटींहून जास्त पाकिटं असतात, पण दर वेळी निम्मी बाद होत असल्याने २५ उड्यांत काम होतं. हे शिक्के सेकंदाचे ९०,००० भाग पाडणाऱ्या घड्याळाचे असतात. ९०,००० का, तर तो आकडा २४, २५ आणि ३० या सगळ्यांनी निःशेष भागला जातो. शिक्का ३३ बिटांचा, त्यामुळे साडेसव्वीस तासांनी घड्याळ शून्यावर येतं. तो क्षण रेकॉर्डिंगच्या मधेच आला की प्लेअरला काळजी घ्यावी लागते.

हल्ली या सगळ्याला 'तुमची आवड ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता' असं लेबल चिकटवलेलं दिसतं. एका आकड्याला बुद्धी कसली? आणि 'एका बटणात कॉम्प्युटर स्वच्छ' म्हणणारी ॲप्स कचरा म्हणून अलीकडच्या फाइलींच्या याद्या पुसतात, तेव्हा हाच आकडा आधी जातो.

प्लेअरला संपल्याचं कळतं कसं, हेही टक्केवारीवर असतं. व्हीएलसी पहिल्या आणि शेवटच्या ५ टक्क्यांत थांबलात तर खूण ठेवत नाही. तीन तासांच्या चित्रपटात शेवटची ९ मिनिटं उरली असताना झोप लागली, तर दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापासून लागेल. कोडी या आणखी एका प्लेअरचा हिशेब वेगळा : सुरुवातीचे १८० सेकंद आणि शेवटचे ८ टक्के सोडून.

बहिणीला यातलं निम्मंच सांगितलं, तेवढ्यात तिने फोन ठेवला. परवा ती दुसरा भाग घ्यायला आली तेव्हा पेनड्राइव्हला एक चिठ्ठी चिकटवून दिली : 'भाग २, १ तास ३ मिनिटं.'