आजार उशिरा येतो, पुरावा आधीच जातो

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या कंपन्यांत कोणाचा हात यंत्रात सापडला, तर त्या अपघाताला तारीख असते, वेळ असते, पाहणारे चारजण असतात. रसायनांमुळे किंवा धुळीमुळे जडणाऱ्या आजाराला यातलं काहीच नसतं. भरपाईच्या दाव्यात कामगार हरतो तो बहुतेकदा इथेच. कायदा नाही असं नाही. पण विष आणि आजार यांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि दावा या दोन्हींच्या मधल्या फटीत अडकतो.

बेंझीनचं उदाहरण घ्या. ते श्वासावाटे शरीरात जातं, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि त्यातून तयार झालेली द्रव्यं हाडांच्या मगजात, म्हणजे जिथे रक्तपेशी बनतात तिथे, नुकसान करतात. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, व्हायला त्यानंतर अनेक वर्षं जाऊ शकतात. शरीरात बेंझीन गेल्याची खूण लघवीच्या तपासणीत सापडते, पण ती शिफ्ट संपताना नमुना घेतला तरच. एक-दोन दिवसांत ती खूण निघून जाते. निदानानंतर केलेल्या तपासणीत बेंझीन सापडलं नाही, असा युक्तिवाद कोणी केला तर तो शब्दशः खरा असतो आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

शिसं थोडं वेगळं वागतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण बराचसा भाग हाडांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथून थोडा थोडा रक्तात उतरत राहतो. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचं काम सोडून वर्ष झालं असेल, तर रक्ताचा आकडा त्या कामाच्या दिवसांबद्दल फारच कमी सांगतो.

सिलिकाची धूळ मात्र जात नाही. क्वार्ट्झचे, म्हणजे दगडातल्या स्फटिकरूप सिलिकाचे, अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांना गिळणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात, कण पुन्हा मोकळे होतात, दाह चालू राहतो आणि फुप्फुसात व्रणाच्या गाठी होतात. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही हा आजार वाढू शकतो आणि तो बरा करणारं औषध नाही. एक्स-रेमध्ये याच्या बारीक गोल सावल्या बहुधा वरच्या भागात दिसतात आणि क्षयरोगही तिथेच दिसतो. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याचा धोका बराच जास्त असतो, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात. टीबीच्या गोळ्यांचे कोर्स होतात, खोकला जात नाही आणि केसपेपरवर रुग्णाचं काम लिहिलेलंच नसतं. ही एक ओळ न लिहिल्याने किती कुटुंबांचा हक्क बुडत असेल, या विचाराने मी अस्वस्थ होते.

सिलिका म्हटलं की खाणी आठवतात. पण आपल्याकडच्या डोंगरांचा काळा दगड बेसाल्टचा आहे, त्यात मोकळा क्वार्ट्झ कमी असतो. मला जास्त काळजी वाटते ती घणसोली, खारघर, घोडबंदरच्या टॉवरांत किचनचे ओटे कापणाऱ्या पोरांची. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये सिलिकाचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वर असू शकतं. ग्राइंडरने कोरडं कापलं की बंद खोलीत पांढरा धुरळा भरतो आणि तोंडाला असतो फक्त रुमाल. अशा कामात काही वर्षांतच सिलिकोसिस झालेले तरुण अनेक देशांत सापडले. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या लाद्यांवर बंदीच घातली.

आता कायद्याकडे येऊ. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने एक शहाणी गोष्ट केली होती. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आजार आणि त्यांच्याशी जोडलेली कामं यांची यादी आहे. शिसं, पारा, क्रोमियम, बेंझीन यांसारख्या विषांच्या बाबतीत 6 महिने सलग नोकरी झाली असेल आणि नोकरीत असतानाच यादीतला आजार जडला, तर तो कामातूनच झाला असं धरलं जातं. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. प्रयोगशाळा जे दाखवू शकत नाही, त्याचं ओझं कायद्याने कामगाराच्या डोक्यावरून उतरवलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. आजारांची यादी तिच्यातही आहे.

पण नोकरी सुटल्यानंतर आजार झाला, तर तो त्या कामातूनच झाला हे कामगारालाच सिद्ध करावं लागतं. मुदतीचं गणितही जुन्या कायद्यात असंच बसवलेलं होतं: दाव्याला 2 वर्षं, आणि काम सोडल्यापासून 2 वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ती पहिल्यांदा आढळली त्या दिवसापासून मोजणी. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग साधारण 20 ते 40 वर्षांनी उद्भवतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांना होता, पण कारण पटवून द्यायला कागद लागतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात दिलेला आदेश मला फार मोलाचा वाटतो: आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायच्या. न्यायाधीशांनी आजाराचं वेळापत्रक समजून घेतलं होतं.

रक्कम किती मिळते? कायम आणि पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या 60 टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. 3 जानेवारी 2020 पासून या हिशेबात वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरायचं ठरलं. 45 व्या वर्षाचा आकडा 169.44 आहे, म्हणजे 9,000 गुणिले 169.44, एकूण 15,24,960 रुपये. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, कार्ड असेल तर हा मार्ग बंद होतो; एकरकमी भरपाईऐवजी महामंडळाकडून दरमहा अपंगत्व लाभ मिळतो.

तेव्हा पुरावा नोकरीत असतानाच जमवायला हवा. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात आपल्या तपासणीच्या नोंदी पाहण्याचा हक्क कामगाराला कारखाने कायद्याच्या 1987 च्या दुरुस्तीने मिळाला. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ड्रमवरच्या लेबलाचा, गेटपासचा, पगाराच्या स्लिपचा, हजेरीच्या कार्डाचाही ठेवा. वाशीच्या किंवा वागळे इस्टेटच्या ईएसआय रुग्णालयात गेलात की डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, “मी अमुक खात्यात, अमुक वर्षं, अमुक केमिकलवर काम केलंय, हे पेपरवर लिहा.”

ठेकेदाराकडे असलेल्यांनी तर हे आवर्जून करावं. 1923 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार, ठेकेदाराचा माणूस मूळ मालकाच्या धंद्याचंच काम करत असेल तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येत होती. त्यासाठी आपण त्याच गेटमधून आत जात होतो, एवढं दाखवणारा एखादा कागद हाताशी लागतो.