एक्सआर्ग्स कुठून आली?

‘फाइंड’ या फाइली हुडकणाऱ्या कमांडने शोधून दिलेल्या प्रत्येक फाइलवर काही करायचं असलं की लिनक्सवाल्यांची बोटं आपसूक ‘एक्सआर्ग्स’ या कमांडकडे वळतात. आज ती सोय वाटते, पण तिचा जन्म झाला तो कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, अडवल्यामुळे.

प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, असं बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 सालीच एका टिपणात लिहून ठेवलं होतं. केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सात पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी सोय, आणला आणि ते साधलं. पण पाइपमधून वाहतो तो नुसता मजकूर. ओळी क्रमाने लावणारा ‘सॉर्ट’, मजकूर शोधणारा ‘ग्रेप’ तो आनंदाने पितात. फाइली पुसणारा ‘आरएम’, हलवणारा ‘एमव्ही’, परवानग्या बदलणारा ‘सीएचमॉड’ त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना फाइलींची नावं कमांडच्या ओळीतच, आर्ग्युमेंट म्हणून लागतात.

फाइंडपाशी स्वतःचा ‘-एक्झेक’ होता. मिळालेलं नाव {} च्या जागी घालून तो कमांड चालवतो, पण दर फाइलमागे नवी प्रोसेस, म्हणजे कमांड पुन्हा नव्याने सुरू. हजार फाइली, तर हजार प्रोसेस. पीडीपी-11 सारख्या त्या काळच्या संगणकाला हे चांगलंच महागात पडायचं. मग सगळी नावं एकाच ओळीत कोंबली तर? युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (1975) सगळ्या आर्ग्युमेंटना मिळून 512 बाइटांचीही जागा कर्नल देत नव्हता. चाळीस अक्षरांचे पाथ असले, तर जेमतेम डझनभर फाइलींत खेळ संपला.

बेल लॅब्समधल्याच हर्ब गेलिस यांनी यातून वाट काढली. एक्सआर्ग्स पाइपमधून नावं वाचते, मावतील तेवढी गोळा करून कमांड एकदा चालवते आणि उरलेल्यांसाठी पुन्हा चालवते. ‘प्रोग्रामर्स वर्कबेंच’ या युनिक्सच्या 1977 सालच्या आवृत्तीबरोबर ती बाहेर पडली. म्हणजे मुळात ती ‘प्रत्येकावर एकदा’ असं काम करतच नाही, थव्याथव्याने करते. एकेक हवं असेल तर ‘-एन 1’ सांगावं लागतं. नवखे इथे हमखास गोंधळतात, आणि चूक त्यांची नाही.

मर्यादा पुढे सैल होत गेली. लिनक्सवर बराच काळ ती 128 केबी होती; 2007 मध्ये, 2.6.23 या कर्नलपासून, ती स्टॅकच्या (प्रोग्रामच्या कामचलाऊ मेमरीच्या) मर्यादेच्या एक चतुर्थांश झाली, म्हणजे नेहमीच्या 8 एमबी स्टॅकला 2 एमबी.

दुसरं दुखणं जास्त चिवट निघालं. एक्सआर्ग्स नावं तोडते ती मोकळ्या जागेवर. समजा, फोल्डरमध्ये ‘जुना हिशेब’ आणि ‘हिशेब’ अशा दोन फाइली आहेत. फाइंडने शोधली फक्त पहिली, आणि तिचं नाव पाइपमधून ‘एक्सआर्ग्स आरएम’कडे गेलं. आरएमच्या हाती पडले दोन तुकडे: ‘./जुना’ आणि ‘हिशेब’. पहिल्या नावाची फाइलच नाही, म्हणून तो कुरकुरतो. दुसरी मात्र निमूटपणे पुसून टाकतो. चालू वर्षाचा हिशेब गेला, जुना जागेवरच.

नावं नव्या ओळीवर तोडूनही पुरत नाही, कारण युनिक्समध्ये नव्या ओळीचं चिन्हसुद्धा फाइलीच्या नावात बसू शकतं. पाथमध्ये कधीच येऊ शकत नाही असा बाइट एकच, शून्य. तोच दुभाजक म्हणून वापरायची कल्पना डॅन बर्नस्टाइन यांची. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या फाइंडमध्ये ती ‘-प्रिंट0’ म्हणून आली, एक्सआर्ग्समध्ये ‘-0’ म्हणून. डेव्हिड कॉर्न यांनी सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या चौथ्या रिलीजसाठी वेगळीच वाट धरली होती: -एक्झेकच्या शेवटी ; ऐवजी + लिहिलं की फाइंड स्वतःच थवे करतो आणि पाइपची गरजच उरत नाही. माझ्या मते साध्या कामांना हेच उत्तम. युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या पॉझिक्स मानकाने + 2001 मध्ये घेतला. -प्रिंट0 आणि -0 यांना मात्र 2024 पर्यंत दाराबाहेर ताटकळावं लागलं.

अवतरणचिन्हांच्या जोडीतला मजकूर एकच नाव मानायची एक्सआर्ग्सची जुनी सवय अजून शाबूत आहे. -0 विसरलात आणि एखाद्या फाइलीच्या नावात एकुलतं एक अवतरणचिन्ह असलं, तर एक्सआर्ग्स त्याची जोडी शोधत बसते आणि एरर देऊन तिथेच थांबते.